गळ टाकण्याआधी: पवना, इंद्रायणी आणि भामेकाठची परवानगी

चाकण, तळेगाव आणि भोसरीच्या कारखान्यांतून माणसं कामासाठी डेट्रॉइटला, स्टुटगार्टला, बर्मिंगहॅमला जातात, दोन-तीन वर्षं राहतात आणि परत येतात. त्यांतल्या काहींना तिकडे रविवारी गळ घेऊन तळ्याकाठी बसण्याची गोडी लागते. तिकडचा रिवाज सरळ असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापला मासेमारी परवाना देतं. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, मोठ्यांना लागतो. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर वयाच्या १३ व्या वर्षापासून परवाना हवा. जर्मनीत सहसा आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, पाण्याचे नियम, पकडलेला मासा हाल न करता कसा मारायचा, हे सगळं त्या परीक्षेत येतं. अशा देशातून परतलेला माणूस पवना धरणाच्या काठावर उभा राहिला की त्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथला परवाना कुठे मिळतो?

हाच प्रश्न दुसऱ्या टोकाच्या माणसालाही पडतो. बंगाल, ओडिशा आणि बिहारमधून चाकणला आलेल्या कामगारांपैकी कितीतरी जणांचं लहानपण गावच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, गळ टाकण्यात गेलेलं असतं. सुटीच्या दिवशी मोशीजवळ किंवा निघोज्याच्या बंधाऱ्यापाशी बांबूची काठी, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि कणकेची गोळी घेऊन बसणाऱ्यांत अशी माणसं भेटतात. त्यांना कुणी हटकलं तर कोणत्या अधिकाराने हटकलं, हे त्यांनाही कळत नाही आणि बरेचदा हटकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

खरं उत्तर असं आहे. सगळ्या राज्यात कुठेही चालेल, असा हौशी मासेमाराचा एकच परवाना महाराष्ट्रात नाही. इथे परवानगी माणसागणिक मिळत नाही, ती पाण्यागणिक ठरते. प्रत्येक धरणातल्या, तलावातल्या मासळीवर कुणाचा तरी हक्क असतो आणि त्याची परवानगी घ्यावी लागते. तो हक्कदार कोण, हे शोधून काढणं हाच या लेखाचा विषय आहे.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांच्या सूचीत २१ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे नियम दिल्लीत ठरत नाहीत. इंग्रजांच्या काळात १८९७ मध्ये भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा स्वतंत्र महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायदा आला. समुद्रासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा वेगळा आहे आणि त्यात २०२१ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या. राज्यातल्या मत्स्यव्यवसायाचा कारभार आयुक्त पाहतात आणि जिल्ह्यात सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. पिंपरी-चिंचवड, मावळ आणि खेड हे सगळं पुणे जिल्ह्याच्या कार्यालयाकडे येतं. पाण्याची मालकी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाकडे नसते. धरण जलसंपदा विभागाचं, शहरातला तलाव महापालिकेचा, लोणावळ्याकडची काही धरणं टाटा पॉवरची, अशी ती वाटलेली आहे.

आता धरणातल्या माशांकडे वळू, कारण सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे. पवना, चासकमान, भामा आसखेड अशा जलाशयांत मिळणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात इथले मासे नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. एके काळी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाला पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि तळ्यातली, धरणातली मत्स्यशेती देशभर शक्य झाली. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन १० जुलैला असतो तो त्यामुळे. आजही बीजकेंद्रात आधी मत्स्यजिरे तयार होतात, त्यांचं मत्स्यबीज होतं, ते बोटाएवढं वाढलं की त्याला बोटुकली म्हणतात आणि ही बोटुकली विकत घेऊन धरणात सोडावी लागते.

ती कोण सोडतं? धरणाचा मासेमारीचा ठेका घेतलेली संस्था. राज्यातल्या तलाव-जलाशयांचे ठेके साधारणपणे पाच वर्षांसाठी दिले जातात आणि ते प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे जातात. संस्थेत भोई समाजाची माणसं असतात, काही ठिकाणी ठाकर आणि कातकरी असतात, काही ठिकाणी ज्यांची जमीन त्याच धरणाखाली गेली ते धरणग्रस्त असतात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीजाचे पैसे भरते, राखण करते आणि मासे वाढायची वाट पाहते. शहरातून गाडीने आलेल्या पाहुण्याच्या गळाला तीन किलोचा कटला लागतो तेव्हा तो कुणाच्या तरी पैशावर आणि राखणीवर वाढलेला असतो. हे ज्याला पटलं त्याला परवानगीचा पुढचा सगळा व्यवहार जड वाटत नाही.

मावळात हा व्यवहार जास्त जपून करावा लागतो. पवना नदीवरचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं आणि आज पिंपरी-चिंचवड शहर मुख्यतः त्याच्या पाण्यावर जगतं. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं. ते बंद नळातून थेट शहरात नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. शहरातला माणूस आपलं पाणी, आपली मासळी न विचारता नेतो, ही भावना त्या काठावर ताजी आहे. तिथे आधी विचारणारा माणूस वेगळा उठून दिसतो आणि त्याला बहुतेक वेळा चांगलं वागवलं जातं.

विचारायचं कसं? जिथे जायचं त्या धरणाचं किंवा तलावाचं नाव, गाव आणि तालुका घेऊन पुण्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चौकशी करायची. त्या पाण्याचा ठेका सध्या कुणाकडे आहे, त्याची मुदत कधी संपते आणि हौशी मासेमाराला गळ टाकू देण्याबाबत काही अट आहे का, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तोंडी उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज करावा. तरीही मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारता येतं, कारण सरकारी पाण्याचा ठेका ही लपवायची गोष्ट नाही. ठेकेदार संस्था वेळोवेळी बदलते. म्हणून मागच्या वर्षी कुणी सांगितलेलं नाव यंदा खरं असेलच असं धरून चालू नये.

संस्थेचं नाव कळलं की सचिवांना किंवा अध्यक्षांना भेटायचं. फोनवर काम होतं, पण पहिल्यांदा प्रत्यक्ष गेलेलं बरं. सकाळी लवकर गेलं तर जाळी काढून आलेली माणसं काठावरच असतात. किती गळ, कोणता दिवस, काठावरून की होडीतून, मासा घरी न्यायचा की परत सोडायचा, हे आधीच स्पष्ट सांगावं. परत सोडणाऱ्याला परवानगी लवकर मिळते. मासा नेणार असेल तर वजनावर पैसे ठरवून घ्यावेत. संस्था जे काही घेईल त्याची पावती मागावी आणि त्यावर तारीख व जागा लिहून घ्यावी. काठावर दुसऱ्या कुणी अडवलं तर तोंडी ओळखीपेक्षा ही पावती कामाला येते. जाळं टाकायची परवानगी मात्र पाहुण्याने मागूच नये. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला शिकायची हौस असेल तर संस्थेच्या माणसाच्या सोबतीने, त्याच्या जाळ्याने आणि त्याच्या देखरेखीखाली शिकावं.

संस्थेची परवानगी मिळाली तरी धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजांचा परिसर त्यात येत नाही. ती जागा जलसंपदा विभागाची आणि सुरक्षेच्या कारणाने बंद असते. पवना जलाशयाच्या काठावरची पुष्कळशी जमीन खासगी मालकीची आहे, तिथे तंबूंचा व्यवसाय चालतो. पाण्यापर्यंत जायला जमीनमालकालाही विचारावं लागतं. एका ठिकाणी एकाहून जास्त जणांची परवानगी लागणं कटकटीचं आहे, हे मान्य. पण ज्याला महिन्यातून दोनदा तिथेच जायचं आहे त्याने एकदा ओळख करून घेतली की पुढे हे सोपं होत जातं.

आता कोणत्या पाण्यात गळ टाकावा आणि कोणत्या पाण्यात टाकू नये, याकडे यायला हवं. शहरातून वाहणाऱ्या पवना, इंद्रायणी आणि मुळा या नद्यांपासून सुरुवात केली तर उत्तर कडू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या तिन्ही नद्यांची नावं आहेत. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस गेली काही वर्षं साऱ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यापाशी मासे मरून वर आल्याच्या बातम्याही आल्या आहेत. रावेतपासून खाली पवनेत आणि औद्योगिक पट्ट्यातून पुढे इंद्रायणीत मिळणारा मासा खाऊ नये. सांडपाण्यात तगणारे चिलापी आणि मागूर तिथे भरपूर सापडतात, पण मासा ज्या पाण्यात वाढतो त्यातलं बरंच काही त्याच्या अंगात साठत जातं आणि जड धातू शिजवल्याने जात नाहीत. स्वस्तात प्रथिनं मिळतात म्हणून हा मासा नेणारी कामगार कुटुंबं आहेत. त्यांना कुणी दंडाची भीती घालण्यापेक्षा हे समजावून सांगणं जास्त गरजेचं आहे, आणि कारखान्यांच्या सुरक्षा विभागांनी हिंदी, बंगाली, ओडियात एक साधा फलक लावला तरी पुष्कळ होईल.

देहू आणि आळंदी हा वेगळा विषय. इंद्रायणीच्या या घाटांवरच्या डोहांत मासे धरायचे नाहीत, ही जुनी रीत आहे. लोक माशांना चुरमुरे, कणीक घालतात. अशा देवाच्या डोहांनीच मोठ्या नदीमाशांना शतकानुशतकं आसरा दिला. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत महाशीर आजही टिकून आहे तो तसाच. इथे परवानगी मागण्याचाही प्रश्न येत नाही. वारीच्या काळात तर काठी घेऊन त्या बाजूला फिरकूही नये.

महाशीरची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती पुण्याची आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांची नोंद केली आणि १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला शास्त्रीय नाव दिलं. आज जगभर टॉर खुद्री या नावाने ओळखला जाणारा दख्खनी महाशीर तो हाच. जिथे त्याची पहिली शास्त्रीय ओळख झाली त्या पात्रात आज त्याला जगणं कठीण आहे. त्याला वाचवण्याचं काम मात्र इथून तासाभराच्या अंतरावर झालं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाशेजारी १९७० च्या सुमारास महाशीरचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि डॉ. शशांक ओगले यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. तिथून लाखो पिल्लं देशभर गेली.

त्या यशाला एक दुखरी बाजूही आहे आणि ती प्रत्येक हौशी मासेमाराने लक्षात ठेवावी अशी आहे. लोणावळ्याची पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर होता. बाहेरून आलेला दख्खनी महाशीर तिथे रुजला, वाढला आणि मूळ रहिवासी मागे पडत गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मूळ माशाचं नाव टॉर रेमादेवी असं निश्चित केलं, तेव्हा तो नष्ट होण्याच्या काठावर पोचलेला होता. तज्ज्ञांनी, चांगल्या हेतूने, एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडल्यावर जर असं होत असेल, तर घरातल्या काचपेटीतला सकर मासा मोठा झाला म्हणून मुळेत किंवा पवनेत सोडणाऱ्याने काय करून ठेवलं असेल? हा दक्षिण अमेरिकेतला खवल्यांच्या चिलखताचा मासा आता उजनी धरणातल्या जाळ्यांत येतो. तो विकला जात नाही आणि जाळी फाडतो. विदेशी मागूर तर त्याहून वाईट. त्याच्या शेतीला देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिले आणि उजनीच्या काठावरची त्याची तळी प्रशासनाने नष्ट केली. गळाला सकर किंवा विदेशी मागूर लागला तर तो पाण्यात परत सोडू नये. दख्खनी महाशीर लागला तर मात्र ओल्या हाताने धरून, गळ अलगद काढून, लगेच सोडावा.

कासव लागलं तर काय? आपल्या नद्यांत मऊ पाठीची कासवं आहेत आणि आमिषाच्या वासाने ती गळाला लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्यांना पकडणं, घरी नेणं, विकणं हा गुन्हा आहे. तंगूस कापावी, गळ निघत असेल तर काढावा, नसेल तर जखमी कासवाची खबर वनखात्याला द्यावी. हाच कायदा भीमाशंकरलाही लागू होतो. खेड आणि आंबेगाव तालुक्यांत पसरलेलं ते अभयारण्य आहे, त्यामुळे त्याच्या हद्दीतल्या ओढ्यांत आणि नदीच्या उगमाकडच्या डोहांत गळ टाकायचा विचार सोडून द्यावा. हद्द कुठे सुरू होते ते राजगुरुनगरच्या वन कार्यालयात विचारून घ्यावं.

शहराच्या हद्दीतले तलाव, म्हणजे भोसरीचा तलाव आणि उद्यानांमधली तळी, महापालिकेची. तिथे महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय गळ टाकू नये. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बाजूचा नदीकाठ, देहूरोडचा छावणीचा भाग, दिघीचा परिसर या जागा लष्कराच्या. तिकडे जाऊच नये. मोशीच्या दगडखाणींत साठलेलं पाणी निवांत दिसतं, मासेही असतात, पण खाणीला काठ नसतो. एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्यावर तीन पुरुष पाणी असतं. अशा ठिकाणी मुलांना घेऊन जाणं जिवावर बेतू शकतं.

मग राहतं काय? पुष्कळ काही. पवना जलाशय, मावळातली आंद्रा आणि वडिवळे ही धरणं, हिंजवडीच्या पलीकडचं कासारसाई, चाकणच्या लोकांना सर्वांत जवळचं करंजविहिरेचं भामा आसखेड आणि राजगुरुनगरजवळचं चासकमान. धरणाच्या वरच्या अंगाला पाणी बरंच स्वच्छ असतं आणि मासाही चांगला मिळतो. रोहू, कटला, मृगळ तर आहेतच, पण इथल्या मातीतले मासे शिकायला हवेत. मरळ दगडांच्या आणि गवताच्या कडेला थांबतो, त्याला जिवंत आमिष लागतं. वाम तळाशी असते, रात्री चरते. शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर दिवसभर ठणकतो, त्याला फडक्याने धरावं. चासकमान आणि भामा आसखेडच्या काठचे जुने भोई कोणत्या वाऱ्याला कोणता मासा वर येतो ते सांगतात, आणि त्यांच्याशेजारी बसून ऐकलेलं परदेशी चित्रफितींत सापडत नाही.

मुळशी, वळवण, शिरवता आणि ठोकरवाडी या टाटांच्या धरणांसाठी कंपनीची परवानगी लागते. मुळशीकडे जाणाऱ्याने एवढं तरी ठाऊक करून घ्यावं की १९२१ मध्ये या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्या पाण्याखाली गावं आहेत.

हौशी मासेमारीची शिस्तबद्ध व्यवस्था पाहायची असेल तर मुंबईत पवई गाठावी. १८९१ मध्ये बांधलेल्या या तलावाकाठी १९३६ पासून गळाने मासेमारी करणाऱ्यांची संघटना आहे. आज ती महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. सभासदत्व, पाहुण्यांसाठी परवानगी आणि ठरावीक नियम असं तिचं काम चालतं. जाण्याआधी चौकशी करावी आणि पाण्यात पाय घालू नये, कारण पवईत मगरी आहेत. पुणे जिल्ह्यात अशी एखादी संस्था उभी राहिली, एका धरणाच्या मच्छीमार संस्थेशी करार केला आणि गळाच्या शुल्कातला वाटा बीज सोडायला दिला, तर दोघांचंही भलं होईल. अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने गळ-काठ्यांवरच्या कराचा पैसा माशांच्या संवर्धनाला जातो. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता करारानेही ते जमू शकतं.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं गढूळ पाणी नदीला मिळतं आणि अंड्यांनी भरलेले मासे त्या पाण्यावर वर चढू लागतात. हे चढणीचे मासे ओंजळीने धरता येतात म्हणून गावोगाव झुंबड उडते. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती मादी कालवणात गेली की पुढच्या वर्षाचे मासेही गेले. जून ते ऑगस्टमध्ये नदी-ओढ्यांत गळ न टाकणं चांगलं. समुद्रावर तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असतेच. अलिबाग-मुरूडला होडी ठरवून गळ टाकायला जाणाऱ्यांनी या तारखा लक्षात ठेवाव्यात आणि एरवीही होडी नोंदणी झालेली, परवाना असलेली आहे का ते पाहूनच तीत बसावं.

आणि पावसाळा जीवही घेतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण दगावले. अशा घटनांनंतर मावळ आणि मुळशीतल्या धरण-धबधब्यांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. आदेश लागू असेल तर मच्छीमार संस्थेची पावती असूनही तिथे जाता येत नाही. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश आणि धरणातून विसर्ग सुरू आहे का, हे दोन्ही पाहावं. नदीपात्रात बसल्यावर भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नये, आधी वर यावं. होडीत बसायचं तर तरंगजाकीट अंगावर हवं. पोहता येतं हे कारण पुरत नाही, कारण धरणाचं पाणी थंड असतं आणि तळाशी जुनी झाडं, कुंपणाच्या तारा असतात.

सामानात एक छोटी पिशवी तुटलेल्या तंगूससाठी ठेवावी. काठावर टाकलेली तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायांत अडकते. ज्यांना मासा परत सोडायचा आहे त्यांनी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा लवकर सुटतो, जखम लहान राहते.

ज्यांची हौस याहून पुढची आहे, ज्यांना मासेमारी हा व्यवसाय म्हणून करायचा आहे, त्यांची वाट निराळी. मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व क्रियाशील मच्छीमारांसाठी असतं. नोकरी सांभाळून ते मिळवायचा प्रयत्न खऱ्या मच्छीमाराच्या हक्कावर गदा आणतो. त्यापेक्षा खेड-शिरूरकडे शेत असेल तर शेततळ्यात मत्स्यपालन करावं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ठरलेल्या प्रकल्पखर्चावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. योजनांच्या अटी आणि मुदती बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून चालू माहिती घ्यावी. स्वतःच्या शेततळ्यात गळ टाकायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी तक्रारीचा भाग. सुरुंग लावून, विष कालवून मासे मारणं हा १८९७ पासून गुन्हा आहे. विजेचा झटका देऊन मासे मारण्याने तर लहान-मोठं सगळंच मरतं आणि कधी मारणाराही मरतो. असं काही दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नये. ११२ वर पोलिसांना कळवावं आणि ठेकेदार संस्थेलाही सांगावं, कारण नुकसान तिचंच होत असतं. नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर वेळ लिहून ठेवावी, फोटोत घाट किंवा पूल असं जागेचं काही ओळखीचं येऊ द्यावं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पिंपरी-चिंचवड उपप्रादेशिक कार्यालयाला व महापालिकेच्या पर्यावरण विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावं. वाहत्या पाण्यातला पुरावा काही तासांत पुढे जातो. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात कारण सापडेलच असं नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि नमुना कधी, कुठून घेतला हे आठवड्याने पुन्हा विचारावं.